जूनच्या आधी फावडं नाही

मिनेसोटातल्या कुठल्याही नर्सरीत जा, रोपाच्या कुंडीत एक प्लॅस्टिकची पट्टी खोचलेली असते. फुलाचा फोटो, झाडाची उंची, ऊन किती हवं, आणि कोपऱ्यात 'झोन ४' किंवा 'झोन ५'. इथं बागकामाला लागलेला माणूस सगळ्यात आधी हा आकडा वाचायला शिकतो. मीही शिकले. आता सेंट पॉलजवळच्या या घरात बरेच हिवाळे काढल्यावर तो आकडा मी बघते, पण सगळ्यात शेवटी. झाड आमच्या थंडीत टिकेल का, हे ठरवायची माझी रीत वर्षभर चालते आणि तिचा निकाल लागतो जूनमध्ये.

आधी त्या आकड्याचं काय ते सांगते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक नकाशा आहे. प्रत्येक हिवाळ्यात एखाद्या ठिकाणी जी सगळ्यात थंड रात्र येते, तिचं तापमान घ्यायचं. अशा तीस वर्षांच्या तीस रात्रींची सरासरी काढायची. त्या सरासरीवरून त्या जागेचा झोन ठरतो. आकडा जितका लहान तितकी थंडी जास्त, आणि प्रत्येक झोनचा 'अ' हा थंड अर्धा, 'ब' हा उबदार. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ताज्या नकाशासाठी १९९१ ते २०२० या वर्षांच्या नोंदी वापरल्या आहेत. त्यात मिनिआपोलिस-सेंट पॉलचा बराच भाग '४ ब' मधून '५ अ' मध्ये सरकला. '५ अ' म्हणजे उणे २० ते उणे १५ फॅरनहाइट, सेल्सिअसमध्ये साधारण उणे २९ ते उणे २६.

आता सरासरी म्हटलं की तिच्याखाली जाणारी वर्षं आलीच. ३० जानेवारी २०१९ला पहाटे मिनिआपोलिसच्या विमानतळावर उणे २८ फॅरनहाइट नोंदलं गेलं, म्हणजे उणे ३३ सेल्सिअस. हे तापमान झोन चारच्याही थंड अर्ध्यातलं. ज्या तीस वर्षांनी आम्हाला झोन पाच बहाल केला, त्यांतलंच हे एक वर्ष. शिवाय झाडाला सरासरी कळत नाही. त्याला मारायला एक रात्र पुरते.

पिंपळगावचे माझे मामा द्राक्षवाले. निफाडला पारा चार-पाचवर आला की त्यांची झोप उडते, पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करतात. त्यांना उणे ३३ सांगितलं तर म्हणाले, "अगं, मग तिकडं झाडं राहतात तरी कशी? लाकूड फुटत नाही का थंडीनं?" मी म्हटलं, मामा, इथं द्राक्षंसुद्धा होतात. मिनेसोटा विद्यापीठानं काढलेला 'फ्रॉन्टेनॅक' नावाचा वाण आहे, १९९६चा, वाइनचा. तो या थंडीत उघड्या मांडवावर उभा राहतो. त्यांचा विश्वास बसला नाही. पण प्रश्न त्यांनी अगदी बरोबर विचारला होता.

उत्तर असं की झाड थंडीसाठी तयार होतं, आणि त्या तयारीला वेळ लागतो. ऑगस्टमध्ये दिवस लहान होऊ लागले की इथली झाडं वाढ थांबवतात. मग पहिली हिमं पडतात आणि तयारीचा दुसरा टप्पा सुरू होतो. पेशींमधलं पाणी बाहेरच्या फटींत जातं, तिथं गोठतं, आणि आतला घट्ट झालेला रस शाबूत राहतो. काही झाडांचं लाकूड आणि फुलांचे डोळे, म्हणजे काडीवरचे मिटलेले कोंब, वेगळी युक्ती करतात: आतलं पाणी गोठणबिंदूच्या कितीतरी खाली द्रवच ठेवतात. पण त्यालाही हद्द असते. ती ओलांडली की ते पाणी एकदम गोठतं आणि डोळा जागीच मरतो. लाल खोडाचं डॉगवुड हे आमच्याकडच्या ओढ्याकाठचं साधं झुडूप. मिनेसोटा विद्यापीठात सी. जे. वायझर यांनी १९६०च्या दशकात त्याच्यावर बरंच काम केलं. पूर्ण तयार झालेली त्याची फांदी द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत बुडवूनही जगते. तेच झुडूप भर उन्हाळ्यात शून्याखाली चार-पाच अंशांत काळं पडतं.

म्हणून 'हे झाड किती अंश सोसतं?' या प्रश्नापुढे मी लगेच 'कुठल्या महिन्यात?' असं विचारते. या भागातलं सगळ्यांत बोलकं उदाहरण ११ नोव्हेंबर १९४०चं. शरद ऋतू उबदार गेला होता, झाडं अजून सैलावलेली होती, आणि एका दिवसात पारा कोसळून बर्फाचं वादळ आलं. वादळात माणसं गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या आयोवा राज्यात सफरचंदाच्या बागाच्या बागा गेल्या, हे कमी जणांना ठाऊक असतं. आयोवा तेव्हा सफरचंदांसाठी नावाजलेलं राज्य होतं. पुष्कळ शेतकऱ्यांनी पुन्हा कलमं लावलीच नाहीत. मका आणि सोयाबीनकडे वळले. त्या झाडांनी त्याआधी कितीतरी कडक जानेवारी काढले होते.

हे कळल्यापासून माझी परीक्षा ऑगस्टमध्ये सुरू होते. नवीन लावलेल्या प्रत्येक झुडपाजवळून सकाळी चक्कर मारताना मी शेंडे बघते. सप्टेंबरच्या मध्याला शेंडा अजून कोवळा, पोपटी, वाकवला तर लवणारा असेल, तर ते झाड माझ्या वहीत संशयित. पट्टीवर काहीही लिहिलेलं असो. शेंड्याला टोकाचा डोळा धरलेला असेल, काडी कडक होऊन तपकिरी झाली असेल, पानं वेळेवर रंग बदलून गळत असतील, तर अर्धी परीक्षा पास. जुलैनंतर खत बंद. पाणी मात्र जमीन गोठेपर्यंत चालू. नवे लोक नेमकं उलटं करतात: दसऱ्याच्या सुमारास 'थंडीआधी ताकद येऊ दे' म्हणून खत घालतात, आणि पाइप गुंडाळून गॅरेजमध्ये टाकतात.

पाणी सदाहरित झाडांसाठी फार महत्त्वाचं. थुजा, यू ही झाडं मार्चमध्ये एका बाजूनं तांबडी पडतात तेव्हा लोक म्हणतात, थंडीनं जळली. खरं म्हणजे ती तहानेनं वाळलेली असतात. ऊन आणि वारा पानांतून पाणी ओढतात, आणि मुळांशी जमीन दगडासारखी. वर्षाची सगळ्यांत थंड रात्र मोजणाऱ्या नकाशात वारा येत नाही, बर्फ येत नाही, पाऊसही येत नाही. कॅनडानं १९६०च्या दशकात स्वतःचा नकाशा केला तेव्हा सात गोष्टी धरल्या होत्या. त्यात हिवाळ्यातला बर्फाचा थर, वाऱ्याचा जोर आणि जानेवारीतला पाऊसही होता. मला तो जास्त शहाणा वाटतो, जरी वाचायला किचकट असला तरी.

बर्फाबद्दल इथं आलेल्या प्रत्येक मराठी माणसाशी माझा वाद होतो. बर्फ म्हणजे झाडाचा शत्रू, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथं बर्फ म्हणजे गोधडी. फूटभर भुसभुशीत बर्फ असेल तर वर उणे ३० असताना खाली मातीचं तापमान शून्याच्या जरासंच खाली राहतं. मला भीती वाटते ती कोरड्या, उघड्या जानेवारीची. २०१९ला ती जीवघेणी थंडी जानेवारीअखेर आली आणि विक्रमी बर्फ, ३९ इंच, त्यानंतर फेब्रुवारीत पडला. झाडांनी सांगितलं असतं तर क्रम उलटा मागितला असता.

हे सगळं एका झुडपावर बघायला मिळतं. फोर्सिथिया: वसंतात पानांआधी पिवळीधमक फुलं येतात. त्याच्या जुन्या जातींचं लाकूड आमच्याकडे जगतं, पण फुलांचे डोळे उणे २३-२५च्या आसपास मरतात. शेजारच्या गल्लीत असं एक जुनं झुडूप आहे. कडक हिवाळ्यानंतरच्या एप्रिलमध्ये त्याच्याकडे बघा: खालच्या दीड फुटात पिवळा गच्च घेर, आणि वर नुसत्या काड्या. जिथवर बर्फ होता तिथवर फुलं. पट्टी लावून आखावी इतकी सरळ रेघ. हेच ओळखून पुढे 'नॉर्दर्न सन' आणि 'मेडोलार्क' अशा जाती निवडल्या गेल्या, ज्यांचे फुलांचे डोळेसुद्धा उणे ३४ च्या पुढे टिकतात. माझ्याकडे 'मेडोलार्क' आहे. झुडूप बेंगरूळ आहे, वाढतं तिकडे वाढतं, पण शेंड्यापर्यंत फुलतं.

डोळे मेले की जगले, हे एप्रिलपर्यंत थांबून बघायची गरज नसते. हे मला बागकाम शिकवणाऱ्या एका निवृत्त बाईंनी दाखवलं. मोठी थंडी होऊन गेली की दोन दिवसांनी मी गुडघाभर बर्फातून जाते आणि झुडपाच्या वेगवेगळ्या उंचीच्या काड्या कापून आणते. एक बर्फाखालची, एक मधली, एक शेंड्याची. स्वयंपाकघरात पेल्यात पाण्यात उभ्या करून एक-दोन दिवस ठेवते. लगेच कापलं तर सगळेच डोळे हिरवे दिसतात. मेलेल्या भागाला तपकिरी व्हायला ऊब आणि वेळ लागतो. मग दाढीचं पातं घेऊन डोळा उभा चिरायचा. खिडकीच्या उजेडात धरून भिंगातून बघायचं. जिवंत डोळा आतून ओलसर, पोपटी असतो. मेलेल्याच्या मध्यभागी काळपट ठिपका. बाहेरची खवलं अगदी ताजी दिसतात, आणि आत जिथं फूल व्हायचं होतं तिथं तेवढं काळं. ॲप्रिकॉटमध्ये तो ठिपका फारच स्पष्ट दिसतो, कारण प्रत्येक डोळ्यात एकच फूल असतं. पानाचे डोळे त्याच काडीवर धडधाकट असतात. झाड जगलं, फळ गेलं. घरातले लोक विचारतात, जेवणाच्या टेबलावर हे काय चाललंय. आता सवय झाली आहे त्यांना.

'जगलं' म्हणजे नेमकं काय जगलं, हा प्रश्न मी त्या पातं-भिंगापासून विचारू लागले. मोठ्या गोल गुच्छाचं हायड्रेंजिया घ्या. नर्सरीत निळ्या गुच्छांनी लगडलेलं, पट्टीवर झोन ४. खोटं नाही, मुळं आणि बुंधा जगतो, दर वसंतात जमिनीतून हिरवेगार धुमारे येतात. पण फुलं येतात गेल्या वर्षीच्या काडीवरच्या डोळ्यांतून, आणि ते डोळे जानेवारीतच खलास. वर्षानुवर्षं नुसता पाला. त्यापेक्षा नव्या फुटीवर फुलणारं 'ॲनाबेल' बरं: मार्चमध्ये खुशाल छाटा, जुलैत पांढरे चेंडू हजर.

गुलाबाची तर वेगळीच गंमत. कलमी गुलाबात वरचा भाग एक आणि खालचा मुळांचा खुंट दुसराच. हिवाळ्यात कलमाचा सांधा मेला तरी खुंट जगतो आणि जोमानं फुटतो. आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी हौसेनं पिवळा गुलाब लावला होता. दुसऱ्या जूनमध्ये फोन आला, "अगं, माझा गुलाब जगला! पण या वर्षी गडद लाल कसा काय फुललाय?" तो होता 'डॉक्टर ह्युई', अमेरिकेत कलमांसाठी सर्रास वापरला जाणारा खुंट. वर्षातून एकदाच फुलतो, काळपट लाल. वहिनींना तो आवडला, म्हणून मी फार खोलात गेले नाही. ज्यांना कलमी गुलाब खरोखर जपायचे असतात ते इथं 'मिनेसोटा टिप' करतात: ऑक्टोबरात झुडपाच्या एका बाजूची मुळं सैल करून, फांद्या बांधून, अख्खं झुडूप शेजारी खणलेल्या चरात आडवं करायचं, वर माती, वर पाला. एप्रिलमध्ये उठवायचं. मला हे कौतुकास्पद वाटतं. करावंसं मात्र वाटत नाही.

मुळांकडे लोकांचं लक्ष सगळ्यांत कमी जातं, कारण ती दिसत नाहीत. फांदी उणे ३५ सोसणाऱ्या झाडाची मुळं उणे दहा-बारालाही मरू शकतात. सफरचंदाच्या काही नाजूक खुंटांची मरतातच. जमिनीत ती सुरक्षित असतात, कारण जमीन तेवढी थंड होत नाही. कुंडीत मात्र माती हवेइतकी थंड होते. म्हणून ओसरीवरच्या कुंडीत ठेवायचं झाड निवडताना आपल्या झोनपेक्षा दोन झोन कमी धरायचे असा इथला ढोबळ नियम आहे. मोगरा, कढीपत्ता, तुळस यांचा तर प्रश्नच नाही. ती पाहुणी आहेत, सप्टेंबरात घरात येतात आणि मेअखेर बाहेर जातात. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणी ना कोणी काकू विचारतातच, की मोगऱ्याला गोणपाट गुंडाळलं तर? काकू, गोणपाट वारा आणि ऊन अडवतं. गोणपाटात ऊब नसते.

शेवंतीवर मात्र मी हट्टानं वेळ घातला. लक्ष्मीपूजनाला घरची शेवंती हवी, एवढीच इच्छा. इथं सप्टेंबरात प्रत्येक दुकानासमोर शेवंतीच्या गोल कुंड्यांचे ढीग लागतात, पण त्यांतल्या बहुतेक एका मोसमाच्या असतात. मिनेसोटा विद्यापीठानं कित्येक दशकं खपून या थंडीत टिकणाऱ्या बागेतल्या शेवंती काढल्या आहेत. त्यांतल्या काही आणि दुकानातल्या काही मी शेजारी शेजारी लावल्या. जे दिसलं ते असं: शेवंतीचा जीव जमिनीलगतच्या बुंध्यात आणि तिथून निघणाऱ्या बारीक धुमाऱ्यांत असतो. ज्या रोपाच्या बुडाशी ऑक्टोबरात असे हिरवे धुमारे दिसतात, ते टिकायची शक्यता खूप जास्त. जे रोप आपली सगळी शक्ती फुलांत घालून बसलं आहे, बुडाशी काहीच नाही, ते गेल्यात जमा. शिवाय वाळलेल्या काड्या शरदात कापायच्या नाहीत. त्या बर्फ अडवून धरतात. आणि पाणी साचणारा वाफा असेल तर कुठलाच वाण टिकत नाही, कारण मार्चमध्ये दिवसा वितळतं, रात्री गोठतं, आणि ते रोप मुळांसकट वर उचललं जातं. सकाळी बघावं तर बुंधा मातीच्या वर दोन बोटं. हातानं हलकेच दाबून परत बसवायचा, वर पालापाचोळा. आता पांढरी आणि जांभळट अशा दोन शेवंती पक्क्या झाल्या आहेत. पिवळी अजून नाही.

एप्रिल-मे हा मोहाचा काळ. सगळ्यांच्या बागा हिरव्या होतात आणि आपलं एक झुडूप काळ्या काड्या घेऊन उभं असतं. तेव्हा मी नखानं साल खरवडते. शेंड्यापासून सुरुवात करून खाली खाली यायचं. सालीखाली हिरवं, ओलं लागलं तर तिथवर जीव आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर तिथवर नाही. खरवडून हिरवं दिसलं म्हणून निकाल लागत नाही, कारण मुळं मेलेली असली तरी फांदी काही आठवडे हिरवी राहू शकते, साठ्यातल्या जोरावर पानंसुद्धा काढते आणि पहिल्या गरम आठवड्यात कोमेजते. उलट काही झुडपं अशी आळशी की मेअखेरीपर्यंत डोळा उघडत नाहीत. म्हणून घरात नियम: जूनच्या आधी फावडं नाही. जूनच्या पंधरवड्यानंतर वहीत लिहायचं, आणि तीन रकान्यांत: कुठवर जगलं, फुललं का, आणि त्या हिवाळ्यात बर्फ होता का. तिसरा रकाना नसेल तर पहिले दोन फसवे. २०२३-२४चा हिवाळा इथला नोंदींतला सगळ्यांत उबदार, बर्फही नावालाच. त्या वर्षी पास झालेल्यांना मी अजून पास धरलेलं नाही.

वहीत एक जागा बियाणं किंवा कलम कुठून आलं त्यालाही आहे. रेडबड नावाचं झाड घ्या, आपल्या आपट्याचं आणि कांचनाचं नातेवाईक. पानाआधी उघड्या फांद्यांवर गुलाबी फुलं. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या बियांपासून केलेली रोपं इथं टिकत नाहीत. पण चास्काच्या मिनेसोटा लँडस्केप आर्बोरेटम या वृक्षोद्यानात जगून राहिलेल्या झाडांच्या बियांपासून केलेलं 'मिनेसोटा स्ट्रेन' टिकतं. जात तीच, नाव तेच. दुकानदाराला 'हे कुठल्या बियांचं?' असं विचारलं की बहुतेक वेळा तो पट्टीकडे बोट दाखवतो. मग मी दुसरीकडे जाते.

नव्या नकाशानंतर दुकानांत झोन ५ची झाडं मांडून ठेवलेली दिसतात. मी त्यांना नाही म्हणत नाही. फुलझाडं असतील, पंधरा-वीस डॉलरचं काम असेल, तर घ्या, दक्षिणेच्या भिंतीजवळ लावा, जगली तर उत्तम. चाळीस वर्षं सावली द्यायला लावायचं झाड मात्र मी झोन ४चंच घेते, जमलं तर ३चं. परवाच नवीन घर घेतलेलं एक जोडपं जपानी मेपल कुठं मिळेल म्हणून विचारत आलं. त्यांना कोरियन मेपल दाखवला: पानं तशीच कातरलेली, शरदात तशीच लालभडक, आणि झोन ४. दोघंही खूश झाले. मग किंमत वाचली, आणि नवरा म्हणाला, "ताई, आधी शेवंतीच लावतो."